कापलेले तीन मार्क

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

झाले! परीक्षक झाले! मेल तीनदा वाचला, मग त्याची प्रिंट काढली, मग प्रिंटची झेरॉक्स काढली. दुकान आपलंच आहे, विचारतंय कोण!

'पानसुपारी' ॲपवाल्यांनी शहरी अद्भुत मालिकांची स्पर्धा ठेवली आहे. म्हणजे गोष्टी आजच्या शहरातल्या, पण पुलाखाली राक्षस, लिफ्टमध्ये यक्षीण — माझ्या जिवाचं खाद्य. दोन परीक्षक मोठे आहेत, पुस्तकं लिहिलेले. तिसरा वाचकांमधून हवा होता, आणि निवडली कोण? तेलगावची मंजुषा! 'आपल्या प्रतिक्रिया परखड असतात' असं लिहिलंय. "परखड म्हंजे खवट," हा अर्थ अभिमन्यूने सांगितला. भाऊ आहे, बोलणारच.

जिंकेल त्या मालिकेचं पुस्तक निघणार. कागदाचं, हातात धरायचं. अटी दोन : मालिका पाडव्यापर्यंत पूर्ण झालेली हवी, आणि परीक्षकाचं लेखकाशी नातं नको. ही दुसरी अट जेवताना वाचून दाखवली तर बबितावहिनी म्हणाली, "आन असलं तर?" मला हसून ठसका लागला. आमच्या घरात आजवर लिहिलेलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे किराण्याची यादी.

आई म्हणाली, "भुताखेताचं वाचून आदीच डोकं फिरलंय. आता त्याला मार्क बी देनार." आणि मला न विचारता अर्धी भाकरी वाढली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा मालिका आल्यात. चार चाळून झाल्या.

'रक्तपेठ' — दोनशे बारा भाग! पुण्यातला पिशाच्च, संगणकाच्या कंपनीत नोकरीला. पहिले दहा भाग झकास. मग तो प्रेमात पडतो आणि मालिका झोपते. भाग नव्वदला लग्न ठरतं, आणि दीडशेपर्यंत हळदच चालू! पिशाच्चाला हळद सोसत नाही एवढी एक अडचण, ती साठ भाग पुरवून खाल्ली. आमच्याकडं तेवढ्यात वऱ्हाड परत येऊन मांडवसुद्धा उतरतो. तीन मार्क, तेही पिशाच्चाच्या बॉससाठी. बॉस त्याच्याहून भयानक आहे.

'उड्डाणपुलाखालचा अजगर' — नागपूर. शहर छान उतरलंय, पण जादू फुकट. काहीही मागा, अजगर देतो. मग भीती कशाची? पाच.

बाकी दोन्हींत नायकाचे डोळे निळे. निळे डोळे मी आजवर एकाच प्राण्याचे पाहिलेत, पोस्टाजवळच्या बोक्याचे. तो काही कुणाला वाचवणार नाही.

माझं ठरलं. शहर पायी चालून बघता आलं पाहिजे, जादूसाठी पदरचं काही तरी गेलं पाहिजे, आणि नायक-नायिकेनं मधूनमधून जेवलं पाहिजे. उपाशी पोटी जग वाचवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून बारावी. कॉपीच्या भीतीनं परीक्षा केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं पेपर सुटेपर्यंत बंद — दरवर्षीची नोटीस. लोक कुरकुरतात, मी मनात उड्या मारते. शटर अर्धं खाली, पंखा पाचवर, मोबाईल चार्जिंगला. आणि मालिका कुठली लागली हाताला! अगं बाई!

'त्रेपन्नावा दरवाजा'. लेखकाचं नाव नुसतं 'आगटी'. फोटो नाही, गाव नाही, काही नाही. संभाजीनगरला बावन्न दरवाजे म्हणतात. पण त्रेपन्नावा एक आहे, तो फक्त वाट बघणाऱ्या माणसाला दिसतो. गोदा नावाची बाई. तिचा नवरा तापात उठून त्या दरवाजातून आत गेला आणि दार लागलं. दार बोटभर उघडायचं तर आपली एक आठवण द्यायची — कायमची! गोदा एकेक आठवण देते आणि बोटभर फटीतून त्याची पाठ बघते. भाग सहामध्ये तिनं आपल्या लग्नातल्या वरातीची आठवण दिली. भाग सातमध्ये कुणी तरी बँड वाजवतं आणि ती विचारते, हे कशाचं वाजतंय.

मी शटरमागे रडले. मग भजी मागवली आणि भाग आठ काढला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भाग एकोणचाळीस. कुणी बोलू नका माझ्याशी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भाग अडुसष्टपर्यंत पोचले. पुढचे अजून यायचेत. आठवड्याला एक-दोन येतात. आता डोकं थंड करून न्यायाधीशासारखं लिहिते.

शहर : खात्री करून घ्यायची म्हणून आईलाच विचारलं. अण्णांच्या आजारपणात ती चार महिने तिकडं दवाखान्यात राहिली होती. (माझी दहावी होती, मला नेलंच नाही. मी आणि अभिमन्यू आत्याकडं. अण्णांना जाऊन सात वर्षं झाली.) म्हटलं, भडकल दरवाजापासून पाणचक्की किती लांब? शेंगा सोलता सोलता म्हणाली, "पंदरा मिंट. उन्हाचं ईस." मालिकेत गोदाला पंधराच मिनिटं लागतात! पैकीच्या पैकी.

पण एक खोट आहे. एवढं मोठं शहर, आणि गोदा चार दरवाजांच्या पलीकडं पाऊलच टाकत नाही. अडुसष्ट भागांत एकदा बसस्टँडवर गेलेली नाही! तिथल्या तिथं चकरा. लेखकाला बाकी शहर माहीत नसावं.

दुसरी : पहारेकरी. प्रत्येक दरवाजावर अदृश्य पहारेकरी असतात, बाई-पुरुषाची जोडी. गोदाचा नवरा आत गेल्यावर पहारेकरी तिला 'अर्धी' धरतात. अर्धी भाकरी, अर्धी सावली, आणि तिच्या बोलण्यावर विश्वासही अर्धाच. वाचताना अंगावर काटा येतो, पण अर्धी का? नियम आला कुठून? सांगितलंच नाही.

तिसरी आणि सगळ्यात मोठी : नायकाला नावच नाही! गोदा त्याला 'ते' म्हणते, 'ह्यांनी' म्हणते, कधी नुसतंच 'ऐकलं का'. अडुसष्ट भाग! दार कायमचं बंद करायचं तर आत गेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, असा नियम भाग अकरात स्वतः लेखकानंच केलाय, आणि नाव ठेवायला विसरला! नाव सुचत नसेल तर आमच्याकडं यावं, हॉल तिकिटांवर ढिगानं नावं आहेत. तीन मार्क कापले. दहापैकी सात.

जेवताना सगळ्यांना ऐकवलं. "तीन?" वहिनी म्हणाली. "नावाचे तीन लई झाले की, ताई." म्हटलं, परीक्षक मी आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चमत्कार! रविवारी मी चुलीपाशी बसून बडबडले होते की गोदा आठ भाग झाले जेवलेली नाही, माझाच जीव कासावीस होतोय. आज भाग एकोणसत्तर आला — आणि गोदा तटाला पाठ लावून भाकरी आणि ठेचा खाते आहे! पोटभर! हे मी ॲपवर कुठंही लिहिलं नव्हतं. माझी आणि आगटीची तार जुळली आहे. आगटी कोण असेल? माझ्या मते संभाजीनगरचे कुणी तरी निवृत्त प्राध्यापक. एकटे राहत असतील. कुत्रा असेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

दिवसभर हसतेय. दुपारी कुरियरवाल्याचा घरच्या फोनवर फोन. आईनं उचलला. तो विचारतो, दुकानाचं पूर्ण नाव सांगा. आता दुकान आहे 'त्रिंबक झेरॉक्स', अण्णांच्या नावानं अभिमन्यूनं टाकलेलं. आणि आई नवऱ्याचं नाव कशी घेणार? "ते... नासिककडं देव हाय बगा. जोतिर्लिंग. त्याचं नाव." तो म्हणतो, मावशी, मी नवीन आहे, देव नका सांगू, दुकान सांगा. ही म्हणते, "आज त्याचाच दिवस हाय." शेवटी पार्सल शंकराच्या देवळाच्या पायरीवर ठेवून गेला! पुजाऱ्यानं आणून दिलं. कार्ट्रिजला बेल चिकटलेला.

अभिमन्यू म्हणाला, दुकानाचं नाव ठेवतानाच विचार करायला हवा होता. आई हसली नाही. साबुदाणा मात्र मला जास्त वाढला.

४ मार्च, मंगळवार

कट शिजतोय. माझ्या लग्नाचा!

पेपर होता म्हणून दुकान बंद करून अकरालाच घरी आले. आई आणि वहिनी मागच्या अंगणात, डोक्याला डोकं लावून. एरवी दोघींचं मिठावरून सुद्धा पटत नाही. मी पाऊल टाकलं तशी वहिनीनं मोबाईल परातीखाली घातला. परातीखाली! म्हणजे स्थळाचा फोटोच असणार. त्याआधी कान देऊन दारामागे उभी होते त्यात एवढंच ऐकू आलं होतं —

आई : "सात वर्सं थांबली, आनकी थांबंल. घाई कावून करायली?"

वहिनी : "तारीख जवळ आली, आत्याबाई. कदी तरी उरकावंच लागंल न."

सात वर्षं थांबली? मी सोळाव्या वर्षापासून नवऱ्यासाठी थांबले आहे असं यांना वाटतं की काय! आणि तारीखसुद्धा काढली! मी ठणकावून सांगितलं, मला एवढ्यात करायचं नाही. दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मग आई म्हणाली, "बरं." इतक्या सहज? डाव आहे.

१४ मार्च. धुळवड

भाग चौऱ्याहत्तर! गोदाकडं एकच आठवण उरली आहे. कुठली ते सांगितलं नाही. वर 'पुढील भाग अंतिम' अशी पाटी. मी रंग लावून घ्यायला बाहेरसुद्धा गेले नाही.

१७ मार्च, सोमवार

हसू की काय करू.

सकाळी ऊसतोडीच्या टोळीतल्या रतनबाई दुकानात आल्या. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळी गावी परत चाललीय, मुकादमानं दिलेल्या यादीच्या दोन झेरॉक्स हव्या होत्या. मशीनमधून कागद बाहेर येताना मी सवयीनं वाचला. वर लिहिलं होतं — कोयते चौदा. खाली वेगळ्या ओळीत — अर्धा कोयता एक, साखराबाई.

म्हटलं, रतनबाई, अर्धा कोयता म्हणजे हो? नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात हे तर इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अर्धा कधी कानावर आला नव्हता.

"अवो, तिचा मालक वारला न मागल्या साली. एकलं मानूस आलं की अर्दाच धरत्यात. कामाला बी अर्दी, बसायला जागा बी अर्दी." असं म्हणून त्या यादी घडी घालून गेल्या.

अर्धी! अर्धी भाकरी, अर्धी सावली! हा नियम कुणा प्राध्यापकानं कुत्र्याशेजारी बसून काढलेला नाही. आगटी उसाच्या फडावरची आहे. थंडीत पाचटाची आगटी पेटवून भोवती बसणारी. आणि मी इथं साखर कारखान्याच्या गावात बसून विचारत होते, नियम आला कुठून!

मग एकेक सुटत गेलं. भाकरी-ठेचा मी कुठं बडबडले होते? चुलीपाशी. चुलीपाशी कोण होतं? आष्टीकडची, दहा वर्षं आई-बापामागं फडावर वाढलेली, बारावीला मराठीत तालुक्यात पहिली आलेली कोण? मोबाईल परातीखाली कुणी घातला?

आमची बबितावहिनी!!

१८ मार्च, मंगळवार

वहिनीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. काही विचारलंच नाही, नुसतं म्हटलं, "आगटीबाई, शेवटचा भाग कधी?" तिच्या हातून कळशी सुटली. मग हसायला लागली, मी पण लागले, दोघी भिजलो.

"तुमी परीक्षक झाल्या त्या दिशीच सांगनार होते," म्हणाली. "पन तुमी किती खुशीत होत्या. आन मला बी ऐकायचं होतं, तुमी खरं काय म्हनता ते." म्हणजे सहा आठवडे मी लेखिकेच्या हातच्या भाकरी खात लेखिकेसमोर लेखकाची पिसं काढत होते! निवृत्त प्राध्यापक काय, कुत्रा काय! धरणी दुभंगेल तर बरं.

पण खरी गंमत पुढंच. मी तिला मिठी मारून म्हटलं, वहिनी, तू केवढी मोठी लेखिका आहेस. तर म्हणते, "मी अर्धीच हाय, ताई. पहारेकरी, नियम, टायपिंग माझं. गोष्ट दुसऱ्याची."

कुणाची? शपथ घातलीय म्हणे. पण मला ठाऊक आहे. तिची बहीण शिवकन्या! ती अजून फडावर असते, रोज फोन असतो. दोघी बहिणी मिळून एक कोयता! काय सुंदर!

२० मार्च, गुरुवार

ॲपवाल्यांना मेल टाकला. या लेखिकेशी माझं नातं निघालं, मी परीक्षक राहू शकत नाही. बटण दाबताना डोळे मिटले. सहा आठवडे मी कुणी तरी होते.

संध्याकाळी उत्तर आलं : आपला प्रामाणिकपणा आवडला, आपले कुणाचेच मार्क धरणार नाही. मालिका मात्र स्पर्धेत राहील — पाडव्यापर्यंत शेवट आला तर. आला तर म्हणजे काय! येणारच!

२४ मार्च, सोमवार

शेवट येत नाही. मी वहिनीच्या मागं भुणभुण लावलीय. सहा दिवस राहिले! पुस्तक निघू शकतं! वहिनी म्हणते, "माझ्या हातात काय हाय? ती सांगंल तवा लिव्हीन. बसती आन गप होती."

माझं डोकं तापलं. रात्रीच्या जेवणाच्या तयारीला तिघी बसलो होतो, आई मेथी निवडत होती. मी मोठ्यानंच म्हटलं, म्हणजे निरोप नीट पोचेल — "तिला सांग, त्या माणसाला मारून टाक एकदाचा. गेलेलं माणूस परत येत नाही. गोदाला कळलंय, मला कळलंय, लेखिकेलाच तेवढं कळत नाही. दार ओढायचं, नाव घ्यायचं, विषय संपला. नाव सुचत नसेल तर कुठलंही घे म्हणावं."

वहिनी म्हणाली, "ताई, जरा हळू." शिवकन्या काय इथं बसलीय का ऐकायला!

आई मेथी तशीच टाकून अंगणात गेली. तिला भुताखेताचा कंटाळा. अर्धी जुडी मलाच निवडावी लागली.

२७ मार्च, गुरुवार

काही नाही. दिवसात चाळीसदा ॲप उघडलं.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. गाठ्या आणल्या, कडुलिंब आणला. वहिनीला शेवटचं विचारलं. ती म्हणाली, एकच ओळ अडलीय, बाकी सगळं झालंय. "एका ओळीसाठी?" म्हटलं. "मी टाकते की ती ओळ. सांग, काय लिहायचंय?"

"ती दुसऱ्यानं टाकून चालत न्हाई, ताई."

दुपारी आई पहिल्यांदाच एकटी दुकानाकडं आली. काही काम नव्हतं. समोर रस्त्यावर उभी राहून पाटीकडं बघत होती. मी आतून विचारलं, काय गं? म्हणाली, रंग उडालाय, अभिमन्यूला सांग. आणि गेली. मला काही रंग उडालेला दिसला नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभी केली आणि भाग पंचाहत्तर आला. गोदा दरवाजासमोर उभी राहिली. उरलेली आठवण होती फक्त एक नाव. ते तिनं मोठ्यानं घेतलं. दार लागलं, ती चार दरवाजे ओलांडून चालत बसस्टँडवर गेली आणि बीडच्या गाडीत बसली.

तिनं घेतलेलं नाव — त्रिंबक.

मी स्वयंपाकघरात गेले. आई पोळी लाटत होती. मागं न बघता म्हणाली, "घेतलं बग नाव. आता दे ते कापलेले तीन मार्क."